जळून राहिला

आमगावला सासरी येऊन मला सहाएक महिने झाले होते, आणि मला सासऱ्यांची गाडी हवी होती. मी कामठ्याच्या शाळेत शिकवत होते. बसचा भरवसा नव्हता, आणि रोज उशिरा पोचून मुख्याध्यापकांचं फुगलेलं तोंड बघायचा मला वीट आला होता. इकडे मामाजींची, म्हणजे सासऱ्यांची, जुनी गाडी अंगणात कापड पांघरून निवांत झोपलेली असायची.

मामाजींचा नकार नव्हता, अट होती. "मागचा डावा ब्रेक लाईट बंद आहे. या रोडनं धानाचे ट्रक येऊन राहते. एखादा डिक्कीत घुसन. आधी लाईट, मंग चाबी."

समोरच्या घरचे काका त्यांच्या फाटकाशी उभे राहून सगळं ऐकत होते. "सुनेच्या हाती गाडी? अंगणाच्या बाहेर बी नाही निघत," ते हसत म्हणाले. एवढं ऐकल्यावर मेकॅनिकला बोलावणं मला शक्यच नव्हतं. नवरा नोकरीला नागपुरात, त्यामुळे सल्ले देणारंही घरात कोणी नव्हतं.

रविवारी सकाळी फोनवर व्हिडिओ पाहून मी डिक्कीतून होल्डर फिरवून काढला, नवा बल्ब बसवला आणि सीटवर बसून ब्रेक दाबला. मामाजी गाडीमागे उभे होते.

"लागला का, मामाजी?"

"जळून राहिला."

आता मी कऱ्हाडची. आमच्याकडे बल्ब जळला म्हणजे मेला, काढून फेकायचा. 'येऊन राहिलो', 'जाऊन राहिलो' एव्हाना अंगवळणी पडलं होतं. पण माझा स्वभाव असा, की 'जळून' ऐकलं आणि पुढचं ऐकायला मी थांबलेच नाही. तरातरा मागे गेले. ब्रेकवरचा पाय निघाल्यावर लाईट विझणारच, पण तो विझलेला पाहून माझी खात्रीच पटली. जादा आणलेला दुसरा बल्ब बसवला.

"आता?"

"हा बी जळून राहिला."

मी दात-ओठ खात तोही काढायला लागले. मामाजी जवळ आले.

"काऊन काढून राहिली, बाई? जळून राहिला ना!"

"म्हणूनच काढतेय, मामाजी."

मामाजींनी तपासणीपुरती गाडीला लावलेली चावी काढून खिशात घातली आणि ते घरात गेले. समोर काकांना खोकल्यासारखं हसू फुटलं. मला रडू यायला लागलं, आणि सगळा राग दुकानदारावर निघाला.

दोन्ही बल्ब मुठीत घेऊन मी तशीच स्पेअर पार्टच्या दुकानात गेले. "दोन्ही जळलेत. बदलून द्या."

दुकानदाराने एक बल्ब बॅटरीच्या वायरींना टेकवला. लख्ख उजेड पडला.

"जल तो रहा है, मॅडम."

"तेच सांगतेय मी! जळ..." आणि मी थांबले. हेच वाक्य हिंदीत मला लहानपणापासून कळत होतं. मामाजींच्या मराठीत तेवढं कळलं नव्हतं. दुसरा बल्ब तपासायलासुद्धा न थांबता मी दोन्ही उचलले आणि घरी पळाले.

मामाजींना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "मंग तुमच्याकडे जळत्या लाईटले काय म्हणते?"

"लागला म्हणतात."

"कुठी लागला? डोक्याले?" असं म्हणून ते इतके हसले, की सासूबाई हातातलं काम टाकून बाहेर आल्या. मी बल्ब परत बसवला, आणि चावी त्यांनी रात्री जेवताना माझ्या ताटाशेजारी ठेवली.

सोमवारी मी गाडी मागे घेत फाटकाबाहेर काढली, ब्रेक दाबला आणि खिडकीतून डोकं काढून ओरडले, "मामाजी, लागला का?"

मामाजी रस्त्यावर येऊन उभे होते. समोरचे काका नेहमीच्या जागी होते, पण हसत नव्हते. मामाजींनी गाडीकडे पाहिलं, मग काकांकडे पाहिलं आणि गल्लीभर ऐकू जाईल असं म्हणाले, "लाईट बी जळून राहिला, अन् समोरचा बी!"

या वेळी मी पूर्ण वाक्य ऐकलं आणि मगच ब्रेक सोडला.