शनिवार दुपारची फॅमिली

अमेरिकेतल्या आपल्या प्रत्येक घरात एक कपाट असतं, त्यात दह्याचे रिकामे डबे साठत जातात. कुणी मुद्दाम जमवत नाही, पण टाकूनही देववत नाहीत. माझ्याकडे किश्श्यांचं तसंच झालंय. मागच्या महिन्यात सांता क्लाराला मैत्रिणीकडे, मंजूकडे, जेवायला जमलो होतो, तेव्हा रेडिओ स्टेशनचा एक किस्सा सांगितला. मग दुसरा निघाला, तिसरा निघाला, आणि कुणी हात धुवायला उठेचना. मंजू म्हणाली, "वसुधा, लिहून काढ यार हे सगळं!"

तर ऐका.

ऐंशीच्या दशकाच्या मधली वर्षं. मी नागपूरहून इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगमध्ये एमएस करायला सॅन फ्रान्सिस्कोजवळ, बे एरियात आले होते. ओकलंडमध्ये एक छोटं कम्युनिटी रेडिओ स्टेशन होतं, लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर. खाली ड्रायर सुरू झाले की वर स्टुडिओची जमीन गरम व्हायची. त्यांना शनिवारी दुपारी आवाजाचं कन्सोल सांभाळायला फुकट काम करणारं माणूस हवं होतं. कार्यक्रमाचं नाव 'फॅमिली अवर'. मी लगेच हो म्हटलं. सांता क्लाराच्या काकूंना फोन करून सांगितलं, "कौटुंबिक कार्यक्रम आहे." काकूंनी मोठ्या कौतुकानं ते नागपूरला आईला कळवून टाकलं.

पहिल्या शनिवारी गेले. माईकसमोर लेस्टर बसला होता. आठवडाभर पोस्टमन, खांद्याला थैली लावून अर्धं ओकलंड पायी फिरणारा, आणि आवाज असा की लोकांना तो विहिरीतून बोलतोय असं वाटावं. लाल दिवा लागला. लेस्टर माईकजवळ झुकून म्हणाला, "गुड आफ्टरनून, ओकलंड. आम्ही काळे आहोत, आम्ही गे आहोत, आणि बाहेर पाऊस पडतोय. यातली एकच गोष्ट बदलण्यासारखी आहे."

माझा हात कन्सोलवरून घसरला आणि सगळे आवाज बंद! रेडिओवर नुसती शांतता. मला बटण सापडेना. शेवटी लेस्टरनं स्वतः वाकून ते वर केलं आणि ऑन एअर म्हणाला, "हनी, मी गे आहे हे आईला सांगितलं होतं ना, तेव्हा तीसुद्धा इतका वेळ गप्प बसली नव्हती!"

'फॅमिली' म्हणजे त्यांच्या बोलण्यात त्यांच्यासारखाच गे माणूस, हे मला नंतर कळलं. आपल्याकडे स्थळ आलं की हळूच विचारतात ना, "आपल्यातला आहे का?" अगदी तसंच!

*

अर्ल शाळेत इतिहास शिकवायचा. नोकरी जाईल म्हणून रेडिओवर खरं नाव घ्यायचा नाही. तिथं तो 'प्रोफेसर'. टीव्ही आणि सिनेमावर बोलणं हे त्याचं खातं. त्या काळी टीव्हीवर गे माणूस दिसायचा तो फक्त हसायला. मनगट लोंबकळलेलं, आवाज चिरका. आणि तो नेहमी गोरा! अर्लचं म्हणणं, "आमची टिंगल करायची असेल तर निदान आमच्यातला एखादा नट तरी घ्या. तेवढंच कुणाला काम मिळेल."

एकदा तो एका कॉमेडियनचा शो बघायला गेला. त्या माणसानं पाऊण तास आमच्यावर विनोद केले. आमच्यावर म्हणजे त्यांच्यावर. इतक्या वर्षांत माझी सवय गेली नाही. शनिवारी अर्ल रेडिओवर सांगत होता, "सगळं थिएटर लोळत होतं. माझ्या रांगेत चार गृहस्थ तर डोळे पुसत होते."

लेस्टरनं विचारलं, "मग तुला राग नाही आला?"

"आला. त्यातल्या दोघांना मी फार चांगला ओळखतो!"

*

याच अर्लला एका सोमवारी हेडमास्तरांनी केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घ्यायला सांगितलं. अर्लला वाटलं, नोकरी गेली.

हेडमास्तर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "शनिवारी रेडिओवर तो प्रोफेसर म्हणून कुणी असतो. यादवी युद्धानंतरच्या काळावर बोलताना त्याचं साल चुकलं. तुमच्या ओळखीचा असला तर सांगा त्याला."

अर्ल म्हणाला, "सांगतो, सर."

तो दारापर्यंत पोचला तेव्हा मागून आवाज आला, "बाकी बोलतो छान. मी एकही शनिवार चुकवत नाही."

*

मार्कस आमच्यातला वकील. म्हणजे अजून व्हायचा होता, पण वाद घालायला त्याला डिग्रीची गरज नव्हती. एका रविवारी दुपारी तो, लेस्टर आणि मी सॅन फ्रान्सिस्कोला एका गे बारमध्ये निघालो. दारावर गोरा, धिप्पाड माणूस. मी पुढे होते. त्यानं मला मान हलवून आत सोडलं. मागून लेस्टर आणि मार्कस आले तर म्हणाला, "तीन ओळखपत्रं दाखवा. फोटोची."

तीन! एवढी तर मला विमानतळावरही लागली नव्हती. मार्कसनं शांतपणे ड्रायव्हिंग लायसन्स काढलं, कॉलेजचं कार्ड काढलं. लेस्टरनं पोस्टाचं ओळखपत्र दाखवलं. "अजून एक," दारावरचा माणूस म्हणाला.

मार्कसनं माझ्याकडे बोट केलं. "ही ऑगस्टमध्ये विमानातून उतरली. हिला तू काही विचारलं नाहीस. माझी माणसं या देशात दोनशे वर्षांपूर्वी आली. आणताना कुणी एकही कागद मागितला नव्हता!"

आम्ही परत फिरलो. गाडीत लेस्टर एकदाच म्हणाला, "काळे लोक म्हणतात, गेपण घरी ठेवून या. गे लोक म्हणतात, काळेपण घरी ठेवून या. मग येणार कोण? माझी टोपी?"

शनिवारी मार्कसनं सगळा प्रसंग नावागावासकट रेडिओवर सांगितला. पुढच्या रविवारी त्या बारसमोर हीऽ गर्दी! प्रत्येकानं घरात सापडतील तेवढी कार्डं दोऱ्यात ओवून गळ्यात घातली होती. लायब्ररीचं कार्ड, पोहण्याच्या तलावाचं कार्ड, एकानं तर आपल्या कुत्र्याचं लायसन्स! असे तीन रविवार झाले, आणि मालक स्वतः बाहेर येऊन म्हणाला, "या, आत या."

मार्कस आत गेला, चहूकडे बघितलं आणि बाहेर आला. "काय रे?" मी विचारलं.

"काही नाही. गाणी बेकार आहेत!"

*

एकदा सिटी कौन्सिलच्या निवडणुकीला उभा राहिलेला एक उमेदवार आला. काळाच, रुबाबदार, सूट वगैरे. 'फॅमिली अवर' नाव ऐकून त्याच्या ऑफिसनं वेळ घेतली होती. माझ्यासारखीच गफलत! लेस्टरनं नेहमीसारखी सुरुवात केली, "आम्ही काळे आहोत, आम्ही गे आहोत..." आणि त्या माणसानं हळूच हॅट उचलली.

लेस्टरनं ते पाहिलं, पण प्रश्न विचारलाच. "सर, या नव्या आजारात, एड्समध्ये, आमची मुलं मरतायत. काऊंटीच्या सरकारी हॉस्पिटलात त्यांच्या जेवणाचा ट्रे दाराबाहेर ठेवून लोक पळतात. तुम्ही निवडून आलात तर काय करणार?"

उमेदवारानं माईकवर हात ठेवून मला विचारलं, "हा कार्यक्रम किती लोक ऐकतात?"

मी म्हटलं, "माहीत नाही. ऐकणारे सांगत नाहीत."

तेवढ्यात फोनचे सगळे दिवे लुकलुकायला लागले. मी पहिला कॉल जोडला. म्हातारा, घोगरा आवाज. "मी एका चर्चचा कारभारी, डीकन आहे. नाव सांगणार नाही. मला प्रश्न विचारायचा नाहीये. हा माणूस बसतो की पळतो, एवढंच ऐकायचंय."

उमेदवारानं हॅट गुडघ्यावर ठेवली. बसला. उत्तर धड देता आलं नाही, अडखळत होता, पण तासभर बसला. निवडणुकीत पडला बिचारा. मात्र त्यानंतर काऊंटीच्या हॉस्पिटलात जाऊन त्यानं ट्रे उचलून आत नेलेला मी स्वतः पाहिलाय. सोबत फोटोग्राफर नव्हता.

*

लेस्टर रविवारी चर्चमध्ये गायचा. नुसता गायचा नाही, कॉयर त्याच्याच हाताखाली. एका रविवारी मला घेऊन गेला. पाद्रीबुवांनी नेमका त्या दिवशी तोच विषय काढला. हा आजार म्हणजे देवाची शिक्षा आहे, वगैरे. कॉयरमधले निम्मे पुरुष छताकडे बघत बसले. लेस्टर मात्र सरळ समोर बघत होता.

प्रवचन संपलं. पाद्रीबुवांनी हात वर केला. ऑर्गन वाजला. लेस्टर उठला नाही. त्याच्यामागे कुणीच उठलं नाही. ऑर्गनवाल्या बाईंनी सुरुवात पुन्हा वाजवली. पुन्हा तेच. एवढं मोठं चर्च, हातातल्या पंख्यांचा आवाज तेवढा येत होता.

पुढच्या बाकावर पांढरी हॅट घातलेल्या एक आजी काठी टेकत उभ्या राहिल्या. "रेव्हरंड, काय बोलायचं ते बोललात. आता माफी मागा, म्हणजे ही मुलं गातील. मी दोन बस बदलून आलेय ती गाणं ऐकायला, तुम्हाला ऐकायला नाही!"

पाद्रीबुवांनी कपाळ पुसलं. माफी नाही म्हणता येणार, पण "माझे शब्द जरा कठोर झाले" एवढं म्हणाले. लेस्टर सावकाश उठला. मग ते जे गायले!

बाहेर आल्यावर मी विचारलं, "तू येतोसच कशाला इथे?"

"वासू," वसुधा काही त्याच्या जिभेवर बसायचं नाही, "घर माझ्या बापाचं आहे. मॅनेजर काय, बदलत राहतात."

*

दिवाळीला मी लेस्टरला सांता क्लाराला काकूंकडे नेलं. काकूंना त्याचा आवाज फार आवडला. चकली वाढता वाढता त्यांनी विचारलंच, "मिस्टर लेस्टर, व्हाय नो मॅरेज?"

"मॅम, आमचं लग्न लावायला कुणी तयार नाही."

काकू मला मराठीत म्हणाल्या, "दुसऱ्या जातीतली आहे का गं?"

मी इंग्रजीत सांगितलं. लेस्टर हसत सुटला. "त्यांना सांग, मुलगी नाहीये, मुलगा आहे."

मी सांगितलं. काकू म्हणाल्या, "अगं, मुलगा हाच ना? हा तर तयार दिसतोय. मुलगी कुठली म्हणते मी!"

मी घाईनं चकली तोंडात घातली. तेव्हा काका पेपरमागून म्हणाले, "अगं, दोन्हीकडून मुलगेच आहेत."

काकूंनी चकल्यांचं ताट खाली ठेवलं आणि स्वयंपाकघरात गेल्या. बराच वेळ आतून नुसते भांड्यांचे आवाज. मला वाटलं, संपलं, हे घर आपल्याला बंद. लेस्टरनं कोट शोधायला सुरुवात केली.

काकू बाहेर आल्या त्या स्टीलचा मोठा डबा घेऊन. लाडू, शंकरपाळे, चिवडा, गच्च भरलेला. तो लेस्टरच्या हातात दिला आणि मला झापलं, "सणाच्या दिवशी ह्याला एकट्याला घेऊन आलीस? तो दुसरा घरी काय खात असेल? रीतभात काही शिकवली का नाही वहिनींनी! आणि सांग ह्याला, डबा परत द्यायला दोघांनी यायचं."

*

अर्ल गेला. त्याच आजारात, सत्याऐंशीच्या शरद ऋतूत. प्रोफेसरची खुर्ची आम्ही तशीच ठेवली होती.

काही आठवड्यांनी, शनिवारी कार्यक्रम सुरू असताना, लुइझियानाहून त्याची आई आली. मिस ओडेसा. तिकडे दक्षिणेत वडीलधाऱ्या बायकांना 'मिस'च म्हणतात. निळा कोट, हातात पर्स, पाठ ताठ. मुलाचं घर आवरायला आल्या होत्या. मुलगा रेडिओवर बोलायचा हे त्यांना तेव्हाच कळलं होतं. सोबत वॉल्टर होता. वॉल्टर म्हणजे अर्लबरोबर कितीतरी वर्षं राहिलेला, शेवटपर्यंत त्याचं सगळं केलेला माणूस. मिस ओडेसांनी ओळख करून दिली, "हे मला गाडीनं फिरवतात." 

त्या म्हणाल्या, "त्याचा आवाज असेल का तुमच्याकडे?"

मी टेप शोधून लावली. अर्लचा हसरा आवाज स्टुडिओभर झाला. "मला नाचायला माझ्या आईनं शिकवलं. बाबा कामावर गेले की स्वयंपाकघरात, फ्रिजवरचा रेडिओ लावून..."

"बंद कर," मिस ओडेसा म्हणाल्या. मी टेप थांबवली. "हे खोटं आहे. मला या लोकांना सांगायचंय."

लेस्टरनं माईक त्यांच्यापुढे सरकवला.

"मी अर्लची आई. तो जे बोलला ते खरं नाही. आमच्या चर्चला नाचणं चालत नव्हतं, मला कुठलं येणार? त्यानं मला शिकवलं. पडदे ओढून. नाचात एकानं न्यायचं आणि दुसऱ्यानं मागं जायचं असतं, पण तो कधी पुढे व्हायचा नाही. म्हणायचा, ममा, तू ने, मी येतो. सारखा माझ्या पायावर पाय द्यायचा."

मग त्यांनी वॉल्टरकडे वळून पाहिलं. आल्यापासून पहिल्यांदाच नीट पाहिलं असावं. "तुमच्याही?"

"कायम, मॅम," वॉल्टर म्हणाला.

मिस ओडेसा मग मला म्हणाल्या, "काहीतरी लाव, मुली." मी हाताला लागली ती रेकॉर्ड लावली. त्यांनी पर्स लेस्टरच्या मांडीवर ठेवली, कोट काढला, वॉल्टरपुढे हात केला आणि म्हणाल्या, "चल. तू ने. बघू दे मला, तो तुझ्याबरोबर कसा नाचायचा ते."