वीतभर वरून पडणारं पाणी

कारेगावात आमच्या घरामागे एक ट्रॉली उभी आहे. ट्रॅक्टरमागे ऊस वाहते तशीच, पण हिच्यावर पत्र्याची खोली आहे. दोन खिडक्या, एक दार, आणि दारावर निळ्या रंगात ‘बालवाडी’ लिहिलेलं. आता रंग उडालाय. गल्लीतली पोरं तिच्यात लपाछपी खेळतात आणि ती कुठल्यातरी निवडणुकीच्या प्रचाराची असावी असं समजतात.

ती माझ्या वडिलांनी बांधली. बाबा इथल्याच एका कारखान्यात फिटर होते. सुट्टीच्या दिवशी ते वस्त्यावस्त्यांवर चळवळीची पत्रकं वाटत फिरायचे. शिरूरच्या छापखान्यातून ओल्या शाईचे गठ्ठे यायचे आणि त्यांच्या घड्या घालणं हे माझं काम. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवर. शाळेच्या पुस्तकात फुलं आणि पाखरं होती. घरी मात्र प्रत्येक ओळ कुणालातरी जाब विचारत असायची. मला घरचं जास्त आवडायचं.

ट्रॉलीची कल्पना आईची. ऊसतोडीची माणसं दिवाळीनंतर येतात, फडाशेजारी पाचटाच्या कोप्या घालतात, आणि त्यांची पोरं दिवसभर बांधावर लोळतात. पोरं शाळेत येत नाहीत तर शाळेनं त्यांच्याकडे जावं, असं आई म्हणाली. बाबांनी भंगारातून ट्रॉली मिळवली, खोली चढवली, बाकाखाली पाण्याची काळी टाकी बसवली. त्या हंगामात आम्ही ती राहूजवळ एका मोठ्या बागायतदाराच्या शेतात नेली. सगळे त्यांना आप्पा म्हणायचे. जागा त्यांची, पाणी त्यांच्या विहिरीचं, शिकवणं आईचं. आई आणि मी ट्रॉलीतच राहायचो. मी तेव्हा आठवीत होते, राहूच्या शाळेत जायचे. बाबा सुट्टीला यायचे.

टाकी आप्पांचा सालगडी भरायचा. मोटर चालू झाली की तो पाइप घेऊन यायचा आणि टाकीच्या तोंडापासून वीतभर वर धरून उभा राहायचा. धार वाऱ्यानं इकडेतिकडे जायची, अर्धं पाणी चाकाशी सांडायचं, तिथं चिखल व्हायचा, त्यात शेळ्या उभ्या राहायच्या. पाइप खाली टेकव म्हटलं तर तो म्हणायचा, असंच सांगितलंय. त्याच्या मनात काही नव्हतं. सांगितलं होतं एवढंच.

बाबांनी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्या हातात आमच्यासाठी आणलेली केळी होती. ती तशीच धरून ते टाकी भरेपर्यंत बघत राहिले. त्यांची आई गावात पाण्याला जायची ती ओंजळ पुढं करून, आणि पाणी वरून पडायचं, हे मी त्यांच्याकडून अनेकदा ऐकलं होतं. भांड्याला हात लागू नये म्हणून. मला वाटलं ते आता बोलतील. पण त्यांनी आईला फक्त विचारलं, रोज असंच का. आई म्हणाली, टाकी भरते ना, मग झालं.

पुढच्या सुट्टीला ते पिशवीभर सामान घेऊन आले. टाकीचं तोंड त्यांनी चिखलापासून वर, कमरेच्या उंचीला घेतलं. आत बारीक जाळी लावली. बाहेर आट्यांचा, फिरवून घट्ट होणारा पितळी जोड बसवला, त्याला साखळीनं बांधलेलं झाकण केलं, आणि धूळ बसू नये म्हणून सगळ्याभोवती पत्र्याची पेटी केली. जोडाचा दुसरा भाग पाइपाच्या टोकाला बसणार होता. तो पाइप आप्पांचा.

तो भाग हातात घेऊन बाबा त्यांच्या ओट्यापाशी गेले. मी मागं होते. आप्पांची म्हातारी आई ओट्यावर शेंगा फोडत बसली होती.

बाबा म्हणाले, “आप्पा, पाइप जोडून द्या. वरनं ओतलेलं पाणी आम्ही घेणार न्हाई.”

“आन् न्हाई जोडलं तर?”

“ट्रॉली हलवू.”

आप्पा हसले. “फिटर, तुमचं समदं आट्यावरच चालतंय व्हय?”

त्यांनी तेव्हा हो म्हटलं नाही. आईनं चार दिवस धड जेवण केलं नाही. तिच्याकडे तेव्हा कोप्यांवरची सगळी पोरं येत होती. एक मुलगी तर कडेवर भाऊ घेऊन यायची आणि त्याला मांडीवर झोपवून पाटीवर स्वतःचं नाव गिरवायची. पाणी गेलं तर ही शाळा जाणार होती. आजूबाजूला पाणी देणारा दुसरा कुणी नव्हता.

मग एका सकाळी आप्पा स्वतः पाइप घेऊन आले. त्यांनीच जोड फिरवला, त्यांनीच पान्यानं आवळला. एक थेंब सांडला नाही. हात पुसत ते आईला म्हणाले, “बाई, ह्या आट्यापायी म्हातारीनं माझा च्या बंद केलाय. आता तुमीच पाजा.” आईनं पाजला. पोरं आळीपाळीनं टाकीला कान लावून पाणी चढताना ऐकत होती. बाबांना हे सुट्टीच्या दिवशी कळलं. त्यांनी झाकण उघडून बघितलं, परत लावलं, परत उघडलं. माझ्या वडिलांना इतक्या आनंदात मी फार वेळा पाहिलेलं नाही.

संक्रांतीनंतर भारनियमन वाढलं. मोटर चालू असतानाच वीज जायची. आईच्या लक्षात आलं की सकाळी भरलेली टाकी दुपारी अर्धी असते. पोरांनी एवढं पाणी प्यायलेलं नसायचं. ती कोडं सोडवत होती तोवर आप्पाच आले आणि त्यांनी पाइप दाखवला. वीज गेली की तो शोषल्यासारखा चपटा व्हायचा. त्यांच्या मोटरचा फूटव्हॉल्व्ह, म्हणजे विहिरीतल्या पाइपाच्या बुडाची झडप, गळत होता, त्यामुळं लाइनीतलं पाणी खाली जाताना आमच्या टाकीतलं पाणीही ओढून विहिरीत नेत होतं. कोप्यांवर त्या वेळी कावीळ होती, पोरं टाकीचं आतलं झाकण उघडून पेले बुडवायची, आणि आप्पांच्या घरची माणसं त्याच विहिरीचं पाणी पीत होती. नवा फूटव्हॉल्व्ह बसेपर्यंत पाइप जोडायला नको, वरून धरू, असं ते म्हणाले. आईला ते पटलं. त्या संध्याकाळपासून पाणी पुन्हा वीतभर वरून पडू लागलं.

बाबा आले आणि त्यांनी सालगड्याला पाइप धरून उभं असलेलं बघितलं. आईनं घाईघाईनं सगळं सांगितलं. बाबांनी पाइप चाचपला, जोड उघडून पाहिला आणि म्हणाले, आप्पांचं खरं आहे. ते फिटर होते. खोटं बोलणं त्यांना जमलं नसतं.

पुन्हा आम्ही ओट्यापाशी गेलो. बाबांनी सांगितलं की पाणी मागं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह ते स्वतः आणतील आणि पुढच्या सुट्टीला आमच्या बाजूनं बसवतील. म्हणजे आप्पांची विहीरही सुरक्षित आणि जोडही कायम. आप्पा मान हलवत होते. तेवढ्यात शेंगा फोडता फोडता म्हातारी म्हणाली,

“कशाला त्यो कुटाणा. वरनंच बरं हाय. आता कायमचं तसंच ऱ्हाऊ द्या.”

बाबांनी आप्पांकडे पाहिलं. आप्पांनी नुसतं ‘गप ग आई’ म्हणायला हवं होतं. ते शेंगांच्या टरफलांकडे बघत राहिले.

बाबांनी दुसऱ्याच दिवशी भाड्याचा ट्रॅक्टर आणला. आईनं त्यांना ट्रॉलीच्या दारात अडवलं. पोरांचं काय, एवढंच ती विचारत होती.

“पोरांना ओंजळीनं प्यायला शिकवायचंय का तुला?” बाबा म्हणाले.

“तान लागल्यावर काय तुमची पत्रकं प्यायची त्यांनी?”

बाबांनी ट्रॉली ट्रॅक्टरला जोडली. ट्रॉली निघाली तेव्हा पोरं मागं धावली, मोठी मजा असल्यासारखी. कडेवर भाऊ असलेली मुलगी धावली नाही. तिला त्याच्यामुळं धावता येत नव्हतं. आमची पाटी तिच्या हातात होती आणि आई खिडकीतून ओरडत होती, ठेव तुलाच, ठेव.

पाटसच्या बाजूला जागा शोधली, मिळाली नाही. कालव्याचं पाणी आईला पोरांना पाजायचं नव्हतं. हंगाम संपला, टोळ्या आपापल्या गावी गेल्या. पुढच्या वर्षी आईनं कारखान्यात पॅकिंगचं काम धरलं. तिनं पुन्हा कधी शिकवलं नाही.

बाबांनी तो व्हॉल्व्ह आणलाच. घरामागे उभ्या ट्रॉलीला त्यांनी तो बसवला, आतून टाकीला तोटीही केली. मग सुट्टी आली की ते तिथंच असायचे. वॉशर बदलायचे, पितळ घासायचे, जोडाचा दुसरा भाग बसवलेल्या नव्या पाइपाला उन्हानं तडे जाऊ नयेत म्हणून गोणपाट शिवायचे. तो पाइप लावायला आमच्याकडे नळच नव्हता. आई सार्वजनिक नळावरून हंडे आणायची आणि त्यांच्या पाठीमागून घरात जायची.

बाबा गेले तेव्हा मी स्वतः पत्रकं लिहू लागले होते. आप्पा भेटायला आले. आईनं दिलेल्या तांब्यातून पाणी प्यायले. मग उठून मागं गेले, पत्र्याची पेटी उघडली आणि पितळी झाकणावर हात ठेवून उभे राहिले. म्हणाले, नवा फूटव्हॉल्व्ह मी तुम्ही गेल्यावर तिसऱ्याच दिवशी बसवला होता.

“मग त्या दिवशी ओट्यावरच बोलायचं की, आप्पा,” आई म्हणाली.

“म्हातारी म्होरं बसलेली होती, बाई.”

मला ते उत्तर आजही सहन होत नाही. आपल्याकडे कुणाची ना कुणाची म्हातारी कायम म्होरं बसलेली असते, आणि चांगली माणसं टरफलांकडे बघत असतात. बाबांनी ट्रॉली हलवली ते बरोबरच केलं, हे मी कुणापुढेही म्हणेन. फक्त आईपुढे म्हणायला गेले की माझा आवाज लागत नाही.

आप्पा निघून गेल्यावर आईनं नळाला बाबांचा पाइप लावला. आता आमच्या घरात नळ होता. दुसरं टोक तिनं ट्रॉलीच्या जोडावर ठेवून फिरवलं, पदरानं पकड घेऊन आवळलं. टाकी भरायला बराच वेळ लागला. तिनं नळ बंद केला, नळाकडून पाइप काढला आणि ते टोक जमिनीवर धरून बसली. पाइपात उरलेलं तेवढं सांडलं आणि थांबलं. टाकीतलं काही मागं आलं नाही.

“धरतंय,” ती म्हणाली.

मग तिनं आतल्या तोटीखाली पेला धरला, भरला, आणि दारात उभी राहून बघू लागली, कुणाला द्यावा.