डायनिंग टेबलावरचं विमान

आमच्या ह्यांचा आवाज असा, की अंबरनाथ पूर्वेच्या आमच्या बिल्डिंगमध्ये कुणी जिन्यात सायकल आडवी लावली, तर ते गच्चीवरच्या माणसालाही कळायचं. कंपनीत मशीनच्या धडधडीत बोलायची सवय. घरात मशीन नाही, हे त्यांच्या कधी लक्षातच आलं नाही. वर्तमानपत्राची घडी विस्कटली, ओरडा. चहात साखर कमी, ओरडा. मी उलटून बोलायचे, सासूबाई कानात बोटं घालायच्या आणि संसार झकास चालला होता.

मग कंपनीला टाळं लागलं आणि हा माणूस मवाळ झाला. काहीही झालं तरी "असू दे" म्हणायला लागला. एकदा आमटीत मीठच नव्हतं, तरी मुकाट जेवून उठला. त्या दिवशी मी खरंच घाबरले. सासूबाई देवापुढे बसून एवढंच म्हणायच्या, "त्याला एकदा ओरडू दे रे बाबा."

धाकट्या दिरांनी परदेशातून आणलेलं रिमोटच्या विमानाचं किट कपाटावर धूळ खात पडलं होतं. ग्लायडर म्हणे. नाकात बॅटरीवरची मोटर, तिच्या जोरावर वर चढायचं, मग मोटर बंद करून घारीसारखं तरंगायचं. मीच एक दिवस तो खोका ह्यांच्यापुढे आपटला आणि म्हटलं, "घ्या, नाहीतर भंगारवाल्याला देते."

घेतलं. आणि आमचं डायनिंग टेबल गेलं ते गेलंच. पापडासारख्या हलक्या लाकडाच्या पट्ट्या, टाचण्या, वायरी, आणि आम्ही खाली फरशीवर जेवायला. पंखांवर रंगीत प्लॅस्टिक गरम इस्त्रीने चिकटवायचं असतं. इस्त्री अर्थात माझी. माझ्या दोन चांगल्या साड्यांवर अजून ते लाल डाग आहेत. चार्जर जळला तेव्हा आम्ही उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये गेलो. दुकानदार म्हणाला, "साहब, ओरिजिनल से अच्छा बना के देगा." पूर्वी असल्या वाक्यावर ह्यांनी दुकान डोक्यावर घेतलं असतं. या वेळी नुसतं "बरं" म्हणाले. मला तिथेच रडू फुटायचं बाकी होतं.

सगळ्यात मोठं प्रकरण म्हणजे तोल. पंखांखाली दोन बोटं लावून विमान उचलायचं, ते आडवं राहिलं पाहिजे. शेपूट जड झाली की विमान नाक वर करतं आणि पडतं, हे त्यांनी हळू आवाजात आम्हाला रोज सांगितलं. बॅटरी पुढे सरकव, मागे सरकव, नाकात शिशाचा तुकडा घाल. सासूबाई म्हणाल्या, "सोनाराने एवढं तोललं असतं तर माझ्या पाटल्या हलक्या निघाल्या नसत्या."

दसऱ्याला हे दरवर्षी कंपनीत मशीनची पूजा करायचे. यंदा मशीन कुठलं? सासूबाईंनी विमानालाच हळदकुंकू लावलं आणि दुपारी आम्ही तिघं बदलापूर गावाबाहेरच्या माळावर गेलो. विमान गवतावर ठेवलं. हे रिमोटची एरियल ओढत होते आणि मी रुमाल धरून वारा कुठला ते बघत होते. मग ह्यांनी खूण केली, मी विमान उचललं, धावले आणि फेकलं.

हातातून सुटताना शेपटीखाली काहीतरी हेलकावताना दिसलं. लिंबू-मिरच्या.

विमान नाक वर करून हवेत उभं राहिलं, आणि धपकन गवतात आलं. एक पंख मोडला.

ह्यांनी जाऊन ते उचललं, शेपटीकडे पाहिलं. सासूबाई म्हणाल्या, "गाडीला पुढे बांधतात, पण पुढे तुझा पंखा फिरतो ना. दृष्ट लागायला नको, म्हणून मागे बांधलं."

ह्यांनी त्या लिंबू-मिरच्या ओढून काढल्या. आता "असू दे" म्हणाले असते, तर मी त्या माळावर फतकल मारून बसले असते.

"आई," ते म्हणाले, आणि मग जे सुरू झालं त्याने लांबवर चरणाऱ्या म्हशींनीसुद्धा माना वर केल्या. "इतके दिवस मी तोल, तोल म्हणून कुणाला सांगत होतो? भिंतीला? हे विमान आहे का ट्रक?"

सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "ओरडला गं," त्या मला म्हणाल्या, आणि निघायला पिशवी उचलली.

मी म्हटलं, "थांबा आई, विमान फेकलं मी, माझा नंबर यायचाय अजून."