सोमवारी आलेली मरळ

मरळ आमच्याकडे सोमवारी आली, तिथंच सगळं चुकलं. रविवारी आली असती तर दुपारपर्यंत तिचं कालवण झालं असतं आणि मला हे लिहायचं काही कारण उरलं नसतं.

ऐंशीच्या दशकाची अखेर होती. माझ्या धाकट्या भावाच्या हृदयाची झडप लहानपणच्या सांधेतापानं खराब झाली होती. आधी कॉलेज सुटलं, मग अंबरनाथच्या आमच्या चाळीचा ओटा उतरणंही सुटलं. मुंबईचे डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करू, पण आधी अंगात थोडी ताकद येऊ द्या. झालं! त्या दिवसापासून आई चुलीपासून हलली नाही. पायांचं सूप, नाचणीची पेज, खजूर, अंडी. आणि हा पठ्ठ्या दोन घास खाऊन भिंतीकडे तोंड करायचा. बघायला येणारे नातेवाईक चहा ढोसून, "किती वाळला गं!" असं त्याच्या तोंडावर सांगून जायचे. मला त्यांच्या अंगावर कप फेकावासा वाटायचा.

आम्हा आगऱ्यांत आजारातून उठणाऱ्याला मरळ खायला घालतात. नदीत, भाताच्या खाचरात राहणारा हा लांबट मासा, तोंड थेट सापासारखं. बर्फातली मरळ चालत नाही. जिवंत आणायची, घरी कापायची आणि लगेच शिजवायची. बारवी नदीच्या काठी राहणारा मामा एक दिवस तशी मरळ हंड्यात घालून घेऊन आला. चांगली हातभर लांब होती.

"जित्ती हाय," तो आईला म्हणाला. "हिचं कालवण पाज त्याला. रगत भरंल."

आईनं हंड्यात डोकावून पाहिलं आणि मान हलवली. "आज सोमवार हाय. आज विळी लावायची नाय."

"अगं, पोराच्या औषधाला कसला वार?"

पण शंकराचं एवढं जुनं देऊळ असलेल्या गावात आई सोमवार मोडणं शक्य नव्हतं. एका रात्रीचा तर प्रश्न होता. भावाचा वेळ जावा म्हणून वडिलांनी उल्हासनगरच्या एका सिंधी दुकानदाराकडून काचेची मोठी टाकी आणून दिली होती. तिच्यात गोल्डफिश आणि काळे एंजल फिरायचे. मामानं मरळ त्या टाकीत सोडली.

सकाळी टाकीत फक्त मरळ होती.

आई विळी घेऊन बाहेर आली तेव्हा भाऊ खाटेवर बसून हसत होता. धाप लागेपर्यंत हसत होता. "आई, जेवण बघावं तर हिचं! एक शेपूट शिल्लक नाही ठेवलं!" कित्येक आठवड्यांत आम्ही त्याचं हसणं ऐकलं नव्हतं. "हिला नाही कापायची," तो म्हणाला. आईनं एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा मरळीकडे, आणि विळी आत नेऊन ठेवली. त्या क्षणी कुठल्याही आईनं तेच केलं असतं, असं मी आजही म्हणते. आईला मात्र ते कधी पटलं नाही.

मामानं पुढे दोनदा मरळ आणली. दोन्ही वेळा भावानं ताट सरकवलं. "आपल्याच घरातल्या बाईची भावकी खायची का?" असं वर आम्हालाच विचारायचा.

मरळीची भूक सगळ्या चाळीला ठाऊक झाली. शेजारणी काड्यापेटीत झुरळं भरून पाठवायच्या. आई मासळी बाजारातून जिवंत झिंगे पाण्याच्या पिशवीत आणायची, आणि त्यातच तिला युक्ती सुचली. भावाला ताट घेऊन टाकीसमोर बसवायची. एक झिंगा मरळीला, एक घास याला. यानं घास गिळल्याशिवाय तिला पुढचा झिंगा नाही. मरळ काचेला तोंड लावून वाट बघायची आणि तिची दया येऊन हा जेवायचा! महिन्याभरात त्याचे गाल जरा भरले. आई मरळीला "बाय" म्हणू लागली.

मरळ मधूनमधून हवा घ्यायला पाण्यावर यायची. पाणी काठोकाठ भरून वर झाकण लावलं तर मासा असूनही गुदमरून मरेल, असं भाऊ मला बजावायचा. हे सांगताना तो स्वतः तीन उशांना टेकून, वाक्याच्या मधे थांबून श्वास घेत असायचा. ती वर येऊन एका घोटात हवा घ्यायची आणि निवांत खाली जायची. मला तिचा हेवा वाटायचा. कधी कधी रागही यायचा.

डॉक्टरांनी वजन पाहिलं आणि ऑपरेशनची तारीख दिली. ऑपरेशन झालं. भाऊ त्यातून उठला नाही.

आईनं डॉक्टरांना बोल लावला नाही, नशिबालाही नाही. "मी वार सांभाळला," एवढंच ती म्हणत राहिली. "वार सांभाळला नि पोर घालवलं." ताकद भरली म्हणूनच तर ऑपरेशन झालं, असं वडिलांनी समजावलं. ती ऐकून घ्यायची आणि पुन्हा तेच म्हणायची. रडत मात्र नव्हती.

दहाव्याला पुरुषमंडळी बदलापूरला नदीवर जाऊन आली. मामानं दारातूनच सांगितलं, "ठेवल्या ठेवल्या कावळा शिवला. कसली इच्छा राहिली नव्हती त्याची."

बायकांनी सुस्कारा सोडला. आईचा चेहरा उतरला. "कसलीच नाय?" तिनं विचारलं. "एवढ्याशा वयात? माझ्या मायेनं बी मागं नाय ओढला त्याला?"



आई उठली, पिशवी घेतली आणि कुणाशी न बोलता बाहेर पडली. परत आली तेव्हा पिशवीत पाणी होतं आणि पाण्यात झिंगे. त्या दहा दिवसांत मरळीला कुणी काही घातलं नव्हतं. ती तळाशी पडून होती, रंग उतरला होता. आत्या आडवी आली.

"सुतकात मासळी आणलीस घरात? देव बघतो वरून."

"बघू दे," आई म्हणाली. "तेवढंच जमतं त्याला."

ती टाकीजवळ बसली आणि पाण्यात झिंगे सोडू लागली. "खा बाय," ती म्हणाली. "तुला कोन नाय आडवत." मरळ हळूहळू वर आली आणि खाऊ लागली. शेवटचा झिंगा संपेपर्यंत आई बघत बसली. मग तिनं काचेला कपाळ टेकलं आणि भावाचं नाव घेऊन, सगळ्या चाळीला ऐकू जाईल अशी रडली.