भैरूभाऊंचं उभं राहायचं तिकीट

आमच्या जुईनगरच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहणारे भैरू सपकाळ वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी आहेत. मूळचे जावळी तालुक्यातले. तीस वर्षं पाठीवर गोण्या वाहून त्यांची मान आणि खांदे जवळजवळ एकच झाले आहेत. शर्टाचं वरचं बटण लावलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही. गाण्याशी संबंध शून्य. गणपतीत आरतीला उभे राहिले की पोरं हसू दाबतात, कारण भैरूभाऊंची टाळी सगळ्यांची वाजून झाल्यावर येते. या माणसाला आज आमच्या भागातल्या कॉलेजच्या पोरी 'कॉन्सर्टवाले काका' म्हणतात. ते कसं झालं, हे मी जवळून पाहिलं. थोडा दोष माझाही आहे.

सुरुवात झाली त्यांच्या मुलीपासून. प्रियदर्शिनी, घरातली प्रियू, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. नेरुळच्या स्टेडियमात एक परदेशी पॉप गायिका येणार होती. प्रियू आणि तिची करंजाड्याची मैत्रीण गीतांजली, दोघींनी मोबाइलवर चार तास ताटकळून दोन तिकिटं मिळवली होती. कार्यक्रम चार दिवसांवर आला आणि गीतांजलीला कांजिण्या झाल्या.

मुक्ताबाईंनी, म्हणजे प्रियूच्या आईनं, निकाल देऊन टाकला. "एकटी जायाचं न्हाई. पप्पांना घिऊन जा."

"आई, पप्पा साडेआठला झोपतात!"

"मग झोपत्याल तितं. खुर्ची आसंल की."

"खुर्ची नाहीये. स्टँडिंगचं तिकीट आहे."

भैरूभाऊ चहात बटर बुडवत होते. हात तसाच थांबला, बटर कपात पडलं. "म्हंजी उभं ऱ्हायाचं तिकीट? तीस वरसं उभा हाय मी. मला कुनी तिकीट लावलं न्हाई."

पण पोरीचा चेहरा बघून त्यांना नाही म्हणवेना. संध्याकाळी ते माझ्याकडे आले. "सुभाषराव, तुमी शिकल्यालं. अशा ठिकानी कसं वागायचं आसतंय?"

मी विमा कंपनीत नोकरीला. माझा अनुभव म्हणजे एक नाट्यसंगीताची मैफल आणि ऑफिसच्या स्नेहसंमेलनातला ऑर्केस्ट्रा. पण कुणी एवढ्या विश्वासानं विचारलं की 'माहीत नाही' म्हणणं माझ्या स्वभावात बसत नाही. मी सांगितलं, असे कार्यक्रम कधी वेळेवर सुरू होत नाहीत, निवांत जा. मोठमोठी माणसं येतात, तेव्हा चांगले नवे बूट घाला. सोबत पिशवी ठेवा, तिच्यात पाणी, छत्री, डबा. लांबून दिसावं म्हणून माझी दुर्बीणही दिली. आणि कानात घालायला कापूस. या सगळ्यातले डबा आणि कापूस तेवढे उपयोगी पडले. तेही कसे, ते पुढे कळेल.

पुढची हकीकत मला बापलेकींनी वेगवेगळी सांगितली, आणि दोघांची जुळते.

स्टेडियमच्या फाटकावर सुरक्षावाल्यानं पिशवी उघडली. छत्री बाजूला. पाण्याची बाटली बाजूला. दुर्बिणीकडे बघून त्यानं साहेबाला बोलावलं. शेवटी डबा. "खाना अलाउड नहीं, काका. उधर डिब्बे में डाल दो." त्यानं कचऱ्याच्या पिंपाकडे बोट दाखवलं.

"भाकरी? पिपात?" भैरूभाऊंचा आवाज चढला. "आरं, बायकोनं पाचला उठून थापल्यात!"

"पप्पा, प्लीज ना. सगळे बघतायत."

भैरूभाऊंनी रांगेतून एक पाऊल बाजूला घेतलं, तिथंच फरशीवर मांडी घातली आणि डबा उघडला. सहा भाकऱ्या, ठेचा, शेंगदाण्याची चटणी. एकट्यानं संपणार नव्हतं, म्हणून त्यांनी रांगेतल्यांना बोलावलं. गालांवर चमकी लावलेल्या, चंदेरी बूट घातलेल्या पोरी आधी लाजल्या. मग एकीनं तुकडा घेतला, ठेच्यानं तिच्या डोळ्यांत पाणी आलं, काजळ ओघळलं, तरी तिनं दुसरा मागितला. पाच मिनिटांत डबा रिकामा. प्रियू खांबामागे तोंड लपवून उभी होती. पण रात्री साडेनऊला, आत एका सामोशाला रांग लावून अर्धं गाणं हुकवणारी माणसं बघितली, तेव्हा आपलं पोट भरलंय याचं महत्त्व तिलाही पटलं.

नव्या बुटांनी तासाभरातच टाच सोलली. माझ्या नावानं काहीतरी पुटपुटत भैरूभाऊंनी बूट काढून नाड्यांनी गळ्यात अडकवले आणि अनवाणी उभे राहिले.

आठला दिवे गेले. गायिका ठरल्या मिनिटाला आली. तीस-चाळीस हजार माणसं एकदम ओरडली आणि गर्दी पुढे सरकली. भैरूभाऊंनी लगेच कानात कापूस कोंबला, तोही माझ्या सांगण्यावरून भरपूर, आणि पाय रोवून उभे राहिले. त्यांच्यापुढे प्रियूला घरच्या दिवाणखान्यात उभं राहावं एवढी जागा मिळाली. मागून कितीही रेटा येवो, भैरूभाऊ हलत नव्हते.

चौथं-पाचवं गाणं असेल. त्यांच्या पुढ्यातला एक अंगानं भरलेला तरुण अचानक खाली गेला. गुडघ्यांवर, मग हातांवर. डोकं जमिनीला. भैरूभाऊंनी मार्केटात उन्हाळ्यात असे गडी पडताना पाहिले आहेत. तिथं विचार करायला वेळ नसतो. त्यांनी वाकून त्याच्या काखेत हात घातले, उचलून पाठीवर घेतलं आणि मार्केटात देतात तशी आरोळी ठोकली. "बाजूऽऽ! ए, बाजू व्हा!"

गर्दी फाटली. पाठीवरचा तरुण हातपाय झाडत होता, खांद्यावर बुक्के मारत होता, ओरडत होता. कापसातून भैरूभाऊंना नीट ऐकू येईना. "पानी देतो बाबा, पानी देतो," ते धीर देत होते. "लई गरमी झाली तुला. बडबडू नगं."

वैद्यकीय तंबूत नेऊन त्यांनी त्याला खाटेवर अलगद ठेवलं. डॉक्टरीणबाई धावत आल्या. "काय झालं यांना?"

"पडला हो पोरगा."

"मी नाही पडलो!" तरुण उठून बसला. "माझा चष्मा पडला! मी चष्मा शोधत होतो!"

भैरूभाऊंनी एका कानातला कापूस काढला. "काय म्हनला?"

त्यानं पुन्हा सांगितलं. त्याचं नाव शिवतेज. खारघरला सॉफ्टवेअर कंपनीत. या बाईला प्रत्यक्ष ऐकायची तीन वर्षं वाट पाहिली, पुढची जागा मिळावी म्हणून दुपारी दोनपासून उन्हात उभा, आणि ज्या गाण्यासाठी आला ते आता कुठल्याही क्षणी सुरू होईल. एवढं बोलून तो रडायलाच लागला. डॉक्टरीणबाईंनी हसू लपवायला रजिस्टर तोंडासमोर धरलं.

भैरूभाऊ आयुष्यात एवढे ओशाळले नव्हते. "च्यायला," ते म्हणाले. "चल. जितनं उचलला तितं ठिवतो तुला."

"काका, मला दिसत नाही काही. आणि आता गर्दी आत सोडणारच नाही."

"सोडंल. बस पाठीवर."

"मी चौऱ्याण्णव किलो आहे, काका."

"ते कळलं मगाशी."

दुसरा कापूसही त्यांनी काढून टाकला. आणि तंबूबाहेर पाऊल टाकताच ते गाणं सुरू झालं. भैरूभाऊ मला सांगतात, त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा गाणं ऐकलं. शब्द एक कळला नाही. पण ढोल कानात न वाजता बरगडीत वाजत होता, आणि पाठीवर वजन असताना पाय आपोआप त्याच्यावर पडत होते. "सुभाषराव, पाट मोकळी आसली की मला ठेका घावत न्हाई. वजान आसलं की घावतो. ते मला बावन्नाव्या वरसी कळलं."

"बाजूऽऽ!" गर्दी पुन्हा फाटली. बूट गळ्यात, पाठीवर चौऱ्याण्णव किलो, आणि तो पाठीवरचा आता दोन्ही हात वर करून बेंबीच्या देठापासून गात होता. कॅमेरेवाल्यानं नेमकं हेच टिपलं. मंचाशेजारच्या तीन मजली पडद्यावर अचानक भैरूभाऊ दिसले. सगळं स्टेडियम खदखदून हसलं, मग शिट्ट्या सुरू झाल्या. गायिकेनंसुद्धा त्या दिशेला हात हलवला. प्रियू म्हणते, जमीन दुभंगून आत घेईल तर बरं, असं तिला दोन सेकंद वाटलं. मग शेजारची मुलगी किंचाळली, "कोण आहेत हे काका, कसले भारी आहेत!" आणि प्रियूच्या तोंडून निघून गेलं, "माझे पप्पा आहेत ते."

चष्मा तिच्याच हातात होता. तो तिनं केव्हाच उचलला होता, आणि शिवतेजला पाठीवर घेऊन निघालेल्या बापाला ती तेच ओरडून सांगत होती.

यानंतर सोसायटीतल्या आया आपापल्या पोरींना एकाच अटीवर कार्यक्रमाला सोडू लागल्या: भैरूभाऊ सोबत हवेत. पुढच्या वेळी सहा पोरी, भैरूभाऊ आणि मागे लागून तिकीट काढलेला मी. निघण्याआधी त्यांनी आम्हाला जिन्यात उभं केलं.

"समदी जेवली का? कुनाच्या पायात नवं पायतान न्हाई ना? सुभाषराव, तुमचं दाखवा." त्यांनी माझ्या बुटांकडे बराच वेळ पाहिलं. "चुकामूक झाली तर दोन नंबरच्या खांबापाशी यायचं. फोन लागत न्हाई आत, त्याच्यावर इसंबू नगा. कापूस न्हाई घालायचा; प्रियूनं कानात घालायची रबराची बुचं आनल्यात, त्यानं आवाज कमी हुतो पर मानूस काय बोलतंय ते कळतं."

आत गेल्यावर मी पुढे घुसायला लागलो, तर त्यांनी कॉलर धरली. "तितं नगं. मदी ते यंत्र मांडून बसल्यात बघा, आवाजवाले? त्येंच्या म्हागं उभं ऱ्हायाचं. ते त्येंच्या कानाला गोड लागंल आसाच आवाज ठिवनार."

मी मोबाइल वर धरून चित्रण सुरू केलं. भैरूभाऊंनी माझा हात हळूच खाली घेतला. "घरी जाऊन बघनार हाय का कुनी? एक गानं घ्या, बाकी डोळ्यांनी बघा." ते चित्रण माझ्या फोनमध्ये अजून आहे, आणि मी ते खरंच एकदाही पाहिलेलं नाही. शेवटच्या गाण्यानंतर सगळं स्टेडियम फाटकाकडे पळालं, तेव्हा त्यांनी आम्हाला अर्धा तास जमिनीवर बसवून ठेवलं. पोरी नाचून दमल्या होत्या. सगळ्या खुशाल बसल्या.

तिसऱ्या कार्यक्रमाला ते एकटेच गेले. वाशीच्या हॉलमध्ये मराठी पोरांचा बँड होता. घरी सांगितलं, युनियनची मीटिंग. तिथं दोन गाण्यांनंतर त्यांनी आवाजवाल्याचा खांदा दाबला. "डावीकडचा मोठा भोंगा गप हाय."

आवाजवाल्यानं तपासलं. खरंच वायर निसटली होती. त्यानं चमकून विचारलं, "काका, तुम्ही कुठल्या बँडचे?"

"कांदा-बटाटा," भैरूभाऊ म्हणाले.

मीटिंगची थाप दुसऱ्या दिवशी उघडी पडली, कारण हॉलच्या दारात मनगटाला बांधलेला कागदी पट्टा काढायचा राहून गेला होता. रात्री ताट वाढताना मुक्ताबाई म्हणाल्या, "मला कवा न्हेनार?"

गेल्या महिन्यात त्या गेल्या. मोठी गायिका, मोठं स्टेडियम, नऊवारीवर प्रियूचं जाकीट. अडीच तास मुक्ताबाई एकटक मंचाकडे बघत होत्या. टाळी नाही, हसू नाही. परत आल्यावर मी जिन्यात गाठून विचारलं, "कसं वाटलं, वहिनी?"

"पोरगी चांगली गाती," त्या म्हणाल्या. "पर एवढी नाचती, उड्या मारती, आन् अडीच तासात तिला जरा बस म्हनाय कुनी न्हाई. एवढी मानसं जमलीत, कुनाच्या ध्यानात येत न्हाई व्हय?"

भैरूभाऊ मागून पिशवी घेऊन चढत होते. "आगं, पानी पीत हुती की मदनंमदनं."

"पानी पिली. बसली कुटं?"

भैरूभाऊंनी माझ्याकडे बघितलं, मी कठड्याकडे बघितलं, आणि मुक्ताबाई कुलूप उघडून आत गेल्या.