देवीच्या गादीचा कापूस

दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेची ती माझी शेवटची संधी होती. पुढच्या वर्षी वय आडवं येणार होतं. तुळजापुरात सासरी, माडीवरच्या खोलीत मी दिवसभर कायद्याची कलमं पाठ करत बसायचे. हळूहळू मला माझं अंगच कळेनासं झालं. तहान नाही, भूक नाही, पाय बधिर. एकदा उकळता चहा तसाच प्यायले आणि टाळू पोळल्याचं मला संध्याकाळी समजलं. बरं, एवढं करून वाचलेलं डोक्यात राहत होतं म्हणावं, तर तेही नाही. भवानीआईला रोज हात जोडायचे, पण माझी हाक पोचतच नाही असं वाटायचं. जगणंच नकोसं झालं होतं.

भाद्रपदात देवी सिंहासनावरून उतरून पलंगावर निजते. त्याआधी तिच्या गाद्या उसवून गावातल्या बायका कापूस निवडतात. दरवर्षी सासूबाई जायच्या. यंदा त्यांचे गुडघे धरले होते, म्हणून त्यांनी मला जायला सांगितलं.

"आत्या, माझा अभ्यास बुडतोय," मी सासूबाईंजवळ कुरकुरले.

"बुडू दे की जरा. देवीच्या कामाला न्हाय म्हणू नये."

देवळात कापसाच्या ढिगाशी बसले, तरी डोक्यात कलमंच. शेजारी, बोलण्यावरून येरमाळ्याकडच्या वाटाव्यात अशा, एक अनोळखी आजी होत्या. त्यांनी एकदम माझा हात धरला.

"लई गार पडलाय गं! जेवलीस का?"

मला आठवेना. खरंच आठवेना. त्यांनी माझी बोटं तळव्यांत धरून चोळली.

"आगं, देवीला सुदिक पाठ टेकावी लागती. तू कोण लागून गेलीस?"

बोटांना मुंग्या आल्या, मग कापसाचा मऊपणा कळला, आणि पोटात अशी भूक उसळली की मी सगळ्या बायकांसमोर हमसून रडले. डोळे पुसून पाहिलं, तर आजी उठून गेल्या होत्या. त्या कोण, कुणी धाडल्या, याचा मी कीस काढत नाही.

परीक्षेत मी नापास झाले. ते दुःख अजून जात नाही, खोटं कशाला बोलू? पण निकालाच्या दिवशी रडता रडता मला भूक लागल्याचं कळलं. भवानीआई, मी डोकं मागत होते, तू देह परत दिलास. पुढचं आता तूच बघ, एवढंच म्हटलं. त्या दिवशी देवपूजेच्या आधी मी जेवले. तिला चाललं असावं.