बोरस्ते साहेबांनी पास केलेली कंपनी

सावळीराम बोरस्तेला जगात फार थोड्या गोष्टी पसंत होत्या, आणि त्यातली पहिली म्हणजे सावळीराम बोरस्ते. ओझरच्या विमान कारखान्यात एकतीस वर्षं तो तपासनीस होता. समोर आलेला सुटा भाग उलटसुलट करायचा, नख मारायचं, माप घ्यायचं आणि पास किंवा रिजेक्ट म्हणायचं, हे त्याचं काम. सत्तेचाळीस नंबरचा शिक्का त्याच्या हातात असे. निवृत्तीच्या दिवशी कारखान्याने शिक्का परत घेतला, पण खोड घरी आली. शेजाऱ्याचं नवं गेट, देवळाचा रंग, भाजीवाल्याची कोबी, काहीही पुढ्यात आलं की ओठ एका बाजूला वळायचे आणि शब्द बाहेर पडायचा, "रिजेक्ट." मुलीला आलेली पाच स्थळं त्याने अशीच वाटेला लावली. सहाव्या वेळी हर्षालीने बापाला न दाखवताच लग्न जमवलं, आणि तिचं बरं चाललंय.

म्हसरूळच्या त्यांच्या कॉलनीत देवळाच्या पारावर रोज सकाळी चार पेन्शनर मोबाईल नाकाशी धरून शेअर बाजार खेळत. एकाने घेतला की चौघे घेत, एकाने विकला की चौघे विकत. सावळीराम दूध आणायला जाताना तिथे मुद्दाम थांबायचा. "भाव बघून काय घेता? कंपनी बघितली का कधी? तिच्या दारात तरी गेलात का?" ते हसत. त्यांना हसू येई म्हणजे त्यांना अक्कल नाही, असं सावळीरामचं गणित होतं. आपण मनात आणलं तर या चौघांची तोंडं एका फटक्यात बंद करू, याबद्दल त्याला शंका नव्हती.

आता त्याच्या बायकोबद्दल सांगायला हवं, कारण पुढे जे झालं ते तिच्या जिवावर झालं. उज्वला दिंडोरीकडची, द्राक्षबागायतदारांच्या घरातली. वीस वर्षं ती घरच्या घरी काळा मसाला करून विकत होती. तीसेक घरं आणि दोन किराणा दुकानं तिच्याकडून मसाला घेत. त्यावर मुलीचं शिक्षण झालं, तरी सावळीराम त्याला "तुझा तो टाइमपास" म्हणायचा. गेल्या वर्षी भावाने बागेतल्या हिश्श्यापोटी तिला नऊ लाख रुपये दिले. तिच्या एकटीच्या नावावर आलेली आयुष्यातली ही पहिली मोठी गोष्ट. ते कशाला लावायचे हे तिला कुणाला विचारावं लागलं नाही. दिंडोरी रोडवर कुंदनशेटचा एक गाळा होता. तो घ्यायचा, मसाला कांडपाचं यंत्र बसवायचं आणि दारावर स्वतःच्या नावाची पाटी लावायची. विसार म्हणून तिने एकवीस हजार दिलेही. बाकीचे गुढीपाडव्याला द्यायचे ठरले.

पैसे पाच-सहा महिने बँकेत पडून राहणार, हे कळताच सावळीरामचं डोकं चालू लागलं.

त्याच्या हाताखाली काम केलेला सोमनाथ आता तरंगदीप वायरलेस नावाच्या एका छोट्या कंपनीत सुपरवायझर होता. ही कंपनी डिशसारखे डबे बनवायची. एक डबा टेकडीवर, एक गावात, दोघांची तोंडं एकमेकांकडे. केबलशिवाय हवेतून इंटरनेट पोचतं. कंपनीचे शेअर नुकतेच बाजारात आले होते. पारावरचे चौघे त्यांना भीत होते, कारण या छोट्या कंपन्यांचा शेअर एक-दोन मिळत नाही, गठ्ठाच घ्यावा लागतो. चौघे भितात म्हटल्यावर सावळीरामला ती कंपनी तिथेच निम्मी आवडली. उरलेलं निम्मं तो स्वतः तपासून ठरवणार होता.

एका शनिवारी खिशात मापाचा व्हर्नियर आणि भिंग घालून तो कारखान्यात पोचला. सोमनाथने "या साहेब" म्हणून खुर्ची दिली. सावळीराम तिच्यावर बसला नाही. त्याने तीन तास कारखाना विंचरून काढला. वेल्डिंगवर बोट फिरवलं, रंगाला नख मारलं, आठ डब्यांची मापं घेतली, एका डब्यावर अर्धा तास पाण्याचा फवारा मारायला लावून तो उघडून घेतला. आत थेंब नव्हता. मग गोदाम. खोकी छतापर्यंत रचलेली, एकही वाकडं नाही. प्रत्येकावर लेबल सरळ चिकटवलेलं, लेबलवर उत्पादनाची तारीख. ती तारीख दीड वर्षापूर्वीची होती. सावळीरामने ती भिंगातून वाचली, आणि छपाई कुठेही पुसट नाही म्हणून खूश झाला. शिक्क्याच्या माणसाला तारीख आहे की नाही, एवढंच बघायची सवय असते.

"सोमनाथ, चुना लावणाऱ्या कंपन्या वेगळ्या. ही पास," तो म्हणाला. सोमनाथ काहीतरी बोलणार होता, पण साहेब बोलत असताना मध्ये बोलायचं नाही, हे त्याला साहेबांनीच शिकवलं होतं.

घरी येऊन त्याने उज्वलाला तास-दीड तास वेल्डिंग सांगितलं. ती मिरच्यांची देठं खुडत ऐकत होती. शेवटी तिने विचारलं, "माल चांगला हाय, पटलं. पण एकदा घेतलेला माणूस परत मागवतो का?"

"काय?"

"नाय म्हणजे, माझा मसाला पहिल्यांदा कुणीबी घेतं हो. दुकानदार दुसऱ्यांदा फोन करतो का, त्यावर माझं घर चालतं. ह्यांना दुसरा फोन येतो का?"

सावळीराम इतका हसला की त्याला ठसका लागला. "अगं, ही वायरलेसची कंपनी आहे. तुझा पावशेर मसाला नाही. कुठे विमानाचा तपासनीस आणि कुठे तू."

आता कुणी म्हणेल, एवढी खात्री होती तर त्याने स्वतःचे पैसे का नाही लावले? त्याची ग्रॅच्युइटी बँकेत एफडीत होती, बारा लाख. ती मुदतीआधी मोडली तर व्याज बुडलं असतं, म्हणून तिला हात लावायचा नव्हता. बायकोचे पैसे मोकळे होते. अशा माणसाला काय म्हणावं, ते ज्याचं त्याने ठरवावं. दसऱ्याआधी त्याने तिच्याकडून सह्या घेतल्या. "पाडव्याला दीडपट करून देतो," म्हणाला. नवऱ्याला नाही म्हणायची तिला सवय नव्हती, आणि पुढे तिला सगळ्यात जास्त राग आला तो याच गोष्टीचा.

दिवाळीपर्यंत भाव थोडा चढला. तेवढ्यावर सावळीरामने पारावरच्या चौघांना जगणं नकोसं केलं. "हात लावून कंपनी घ्यायची असते," तो रोज सांगायचा. मग सहामाही निकाल आला. विक्री पाव राहिली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वानऊला बाजार उघडला आणि तिथेच बंद पडल्यासारखा झाला. भाव एका दिवसात नियमाने पडू शकतो तितका पडला, विकणारे शेकडो आणि घेणारा कुणीच नाही. असं बावीस दिवस चाललं. विकायचा तर अख्खा गठ्ठाच विकावा लागायचा, आणि गठ्ठा घेणारा मूर्ख नाशकात एकच होता, त्याने तो आधीच घेतला होता. नवाचे दोन राहिले. पारावरच्या चौघांनी त्याला एका शब्दाने हिणवलं नाही, त्यांनी फक्त त्याच्यासाठी सरकून जागा केली. तेव्हापासून तो दुसऱ्या गल्लीतून दूध आणू लागला.

पाडवा आला आणि गेला. गाळ्यात मोबाईलची कव्हरं विकणारा बसला. कुंदनशेटने विसार परत दिला नाही, आणि उज्वलाने मागितलाही नाही. घरात ती सावळीरामशी जेवणापुरतं बोलू लागली. त्याने सगळ्यांना नावं ठेवून पाहिली: बाजाराला, सरकारला, सोमनाथला. स्वतःच्या तपासणीला मात्र नाही. "माल खणखणीत होता," तो भिंतीला सांगायचा.

एप्रिलच्या एका दुपारी केबलवाला रिझवान आला. उज्वला गच्चीवर जुन्या लुगड्याच्या धडप्यावर मिरच्या वाळवत होती. सावळीराम उभा राहून कशात खोट दिसते का ते बघत होता. रिझवान सरळ टाकीवर चढला आणि खांबावरचा जुना डबा सोडवून खाली आला. डब्याची पाठ आजवर जिन्याच्या भिंतीकडे होती. तिच्यावर लेबल होतं: तरंगदीप वायरलेस.

"हे कुठून आलं?" सावळीरामचा आवाज चिरकला.

"सहा वर्षं झाली साहेब. तुम्ही ड्यूटीला होता, तेव्हा काकूंनी लावून घेतला. टकाटक माल. सहा वर्षांत मी एकदा तरी दुरुस्तीला आलो का?"

"मग काढतोस कशाला?"

"तुम्हीच फोन केला ना! फायबर घेतली की महिन्याला दीडशे वाचतात म्हणालात." रिझवान स्क्रू खिशात टाकत म्हणाला, "आता पार डोंगरात, हरसूलपर्यंत फायबर गेली साहेब. सगळेच काढतायत. आन् ज्यांच्याकडं आहे त्यांचा बिघडत नाय, मग दुसरा मागवणार कोण?"

सावळीरामने डबा हातात घेतला. सवयीने नख मारलं, कडेवरून बोट फिरवलं. ऊन-पाऊस खाऊनही रंगाचा टवका उडाला नव्हता. त्याने वर पाहिलं तेव्हा उज्वला त्याच्याकडे बघत होती, तो एकतीस वर्षं वाकड्या मालाकडे जसा बघायचा अगदी तशी.

तिने त्याच्या हातातून डबा काढून घेतला आणि वाऱ्याने उडणाऱ्या धडप्याच्या कोपऱ्यावर ठेवला.

"कुंदनशेटचा मागचा गाळा रिकामा होतोय," ती म्हणाली. "उद्या बँकेत जाऊ. एफडी मोडायची."

"अगं, मुदतीआधी मोडली तर..."

"एफडीची पावती कुठं ठेवलीय, तेवढं सांगा."

रिझवान वायर गुंडाळत तिथेच उभा होता. सावळीरामने खाली धडप्याच्या कोपऱ्यावर ठेवलेल्या डब्याकडे पाहिलं, मग त्या दोघांकडे.

"कपाटात," तो म्हणाला. "डाव्या खणात, शिक्क्याच्या रिकाम्या डबीखाली."